अँडीजमधली जागा छापताना तासही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पाठीला सॅक, सॅकेत पॅराग्लायडर आणि अँडीजमध्ये उडायच्या जागा शोधत महिना-दोन महिने भटकंती, असा मजकूर पर्यटन पुरवण्यांतून हल्ली वरचेवर येतो. आपल्याही पुरवणीत येतो. ठिकाणांची यादी असते, छायाचित्रे देखणी असतात, पण दोन गोष्टी हमखास गळतात : महिना आणि घड्याळ. मावळातल्या कामशेतला किंवा हिमाचलातल्या बीरला शिकलेली, गाठीशी शंभर-दीडशे उड्डाणे असलेली मंडळी अशा यादीवर विसंबून तिकिटे काढतात. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे याची जाणीव आहे. कात्री लावायचीच झाली तर विशेषणांना लावावी, आकड्यांना नको.

अँडीज ही सुमारे ७,००० किलोमीटरची रांग, व्हेनेझुएलापासून चिली-अर्जेंटिनाच्या टोकापर्यंत सात देशांतून गेलेली. उडता येईल असे उतार तिच्यात वाटेल तेवढे आहेत. पण त्यातला प्रत्येक उतार दिवसाचे दोन-तीन तासच टेकऑफ, म्हणजे उड्डाण घेण्याची जागा, असतो. एरवी तो नुसता डोंगर, आणि दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी सापळा. शिवाय समुद्राकाठचे वाळवंट आणि ३,८०० मीटरवरचे पठार ही दोन्ही तिथे एका रात्रीच्या बसच्या अंतरावर असतात. त्यामुळे कुठे जायचे याइतकेच आधी कुठे जायचे हेही महत्त्वाचे. आमच्या मते क्रम सखल भागाकडून उंच भागाकडे असावा आणि सुरुवात कोलंबियातल्या रोल्डानिल्यो गावापासून व्हावी.

रोल्डानिल्यो काउका नदीच्या खोऱ्यात आहे. पश्चिमेला एक डोंगररांग, पूर्वेला दुसरी, मध्ये सपाट रान. तळ समुद्रसपाटीपासून साधारण ९५० मीटर, टेकऑफ १,७०० ते १,८०० मीटरच्या आसपास. जानेवारी २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथेच झाली. कोरडा हंगाम डिसेंबर अखेरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत, आणि दुसरा छोटा हंगाम जुलै-ऑगस्टमध्ये. विमानाने काली, तिथून उत्तरेकडची बस धरून सारसाल, मग नदी ओलांडून गाव. वर चढायला जीप मिळतात. आग्वा पानेला हे टेकऑफ जीपवाल्यांना नुसते नाव सांगितले तरी कळते.

ढग किती उंचीवर बनतील याचा अंदाज सोप्या हिशेबाने येतो : हवेचे तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे दव होते) यांतल्या दर एका अंशाच्या फरकाला १२५ मीटर. खोऱ्यात तापमान ३० अंश आणि दवबिंदू १८ असेल, तर १२ गुणिले १२५, म्हणजे जमिनीपासून १,५०० मीटर. त्यात तळाचे ९५० मिळवले की ढगांचा तळ २,४५० मीटरवर. एवढ्या उंचीवर विंग, म्हणजे पॅराग्लायडरचे कापडी पंख, ओळखीची वाटते, श्वास लागत नाही, चुकीला थोडी सवड मिळते. नवख्याने पहिले दोन आठवडे इथेच काढावेत, त्याचे कारण हेच.

इथले घड्याळ असे : दहाच्या सुमारास पहिले थर्मल, म्हणजे तापल्या जमिनीवरून वर चढणारे हवेचे झोत, उठतात, साडेअकरापर्यंत टेकऑफ रिकामे व्हावे, आणि दोन-तीनच्या दरम्यान प्रशांत महासागराकडचा वारा पश्चिमेची रांग ओलांडून खोऱ्यात उतरतो. मावळात उडणाऱ्यांना हे पटकन कळेल. चैत्र-वैशाखात कोकणातून चढलेला वारा घाटमाथ्यावरून दुपारी असाच पलीकडे सांडतो. फरक ताकदीचा आहे. वारा ज्या बाजूने रांग उतरतो त्या बाजूला हवा खाली दाबली जाते, रोटर म्हणजे हवेचे भोवरे तयार होतात, आणि सकाळचे टेकऑफ नेमके त्याच बाजूला आहे. दोन वाजेपर्यंत पायलट खोऱ्याच्या मध्यावर किंवा पूर्वेकडे सरकलेला असला पाहिजे. वाऱ्याची वर्दी उसाच्या फडांतून मिळते. तिथे तोडणीआधी पाचट पेटवतात. धुराचा खांब सरळ उभा असेल तोवर निवांत राहावे. खांबाचा वरचा भाग पूर्वेकडे मोडायला लागला की उतरायच्या जागेचा विचार सुरू करावा, आणि धूर जमिनीलगतच आडवा झाला तर तो विचार करायला उशीर झालेला असतो. त्या धुरातच उत्तम लिफ्ट (वर नेणारी हवा) असते, पण तिथे शिरू नये. आत जळकी पाने असतात, भोवरे असतात, आणि विंगचे कापड पातळ नायलॉनचे आहे.

ऊस म्हटल्यावर आपल्याला घरचे वाटेल, पण फडात उतरणे ही तिथली सगळ्यात त्रासाची गोष्ट. ऊस तीन मीटर उभा असतो. विंग शेंड्यांवर पसरते, दोऱ्या पानांत गुंततात, पायलट खाली सरीत उभा राहतो आणि त्याला आभाळाचा एक पट्टा सोडून काही दिसत नाही. तोही कुणाला दिसत नाही. वारा आत शिरत नाही, त्यामुळे उकाडा भयंकर. दोऱ्या ओढून सोडवल्या तर पानांच्या करवती कडांनी त्या खरवडतात. आधी रायझर (दोऱ्या जिथे एकत्र येतात ते पट्टे) हार्नेसपासून (पायलटच्या बैठकीपासून) सोडवायचे, मग एकेक शेंडा वाकवून कापड गोळा करायचे. एका फडात याला तास-दीड तास सहज जातो. म्हणून दोनशे मीटर उंची हातात असतानाच तोडणी झालेला फड, गायरान किंवा फडांमधली गाडीवाट निवडावी. गाडीवाटेच्या कडेने विजेच्या तारा असतात. वरून खांब दिसतात, तार दिसत नाही. प्रत्येक खांबापासून शेजारच्या प्रत्येक खांबापर्यंत तार आहे असेच धरून चालावे. उतरल्यावर विंग लगेच गोळा करायची. पसरलेली विंग म्हणजे पायलट जखमी आहे, असा वरून जाणारे अर्थ लावतात. परतीची काळजी नसते, हमरस्त्याला आले की बस मिळते.

चिलीतल्या इकीकेचे गणित पूर्ण वेगळे. समोर थंड हम्बोल्ट प्रवाह, मागे तापलेले अटाकामा वाळवंट, पाऊस जवळजवळ शून्य. त्यामुळे समुद्राकडून नैर्ऋत्येचा वारा वर्षभर जवळजवळ रोज येतो. किनाऱ्याच्या अरुंद पट्टीत शहर, आणि शहराच्या पाठीशी थेट उभी राहिलेली वाळू-दगडाची भिंत. वर आल्तो ओस्पिसियो हे गाव. टेकऑफ तिथेच, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. 'वर्षात तीनशेहून अधिक दिवस उडता येते' हे वाक्य वाचून लोक तिथे जातात आणि बाराला टेकऑफवर पोहोचतात. बाराला उशीर झालेला असतो. समुद्राचा वारा भिंतीला अडून वर चढतो आणि माथ्याच्या कडेवर दाबला जातो, त्यामुळे कडेवरचा वेग खालच्या किनाऱ्यापेक्षा बराच जास्त. ताशी ३८ किलोमीटरने जाणारी विंग ४० च्या वाऱ्यात उचलली की ती मागे सरकते, आणि मागे सपाट माथ्यावर रोटर, घरे व तारा. दहा ते अकरा ही तिथली वेळ. चुकली तर शहराच्या दक्षिणेला पालो बुके नावाचा वाळूचा उतार आहे. दुपार कलल्यावर तिथे पायथ्याजवळूनच विंग उचलून हळूहळू वर सरकत जाता येते. ग्राउंड हँडलिंगला, म्हणजे जमिनीवर उभे राहून विंग हाताळायच्या सरावाला, एवढी मऊ आणि मोकळी जागा क्वचितच मिळेल.

काही सकाळी समुद्रावरून 'कामांचाका' नावाचे धुके येते. ढगाचा थर भिंतीच्या माथ्याखाली असतो, वरून ऊन स्वच्छ दिसते आणि खालचे शहर गायब झालेले असते. तो विरेपर्यंत वाट पाहण्याखेरीज उपाय नाही. इकीकेहून तोकोपिल्याकडे जाणारा किनारा लांब पल्ल्याच्या उड्डाणांसाठी प्रसिद्ध आहे. रस्त्याने हे अंतर दोनशे किलोमीटरहून अधिक. वाटेत कित्येक ठिकाणी भिंत, डांबरी रस्ता आणि समुद्र एवढेच असते. तीन-चार लिटर पाणी सोबत हवे आणि उतरणे रस्त्याला चिकटूनच. पाण्यात उतरायची पाळी आलीच तर हे ध्यानात असू द्या की हार्नेसच्या पाठीतला फोमचा प्रोटेक्टर तरंगतो आणि माणसाला तोंडावर पालथे करतो. म्हणून पाण्याला पाय लागण्याआधी छातीचा पट्टा सुटलेला हवा, पायांचे पट्टे सैल हवेत, आणि हुक नाइफ (पट्टे-दोऱ्या कापायची आकडी सुरी) हाताला लागेल अशा खिशात हवा. लाटेने भरलेली विंग दोन माणसांनाही ओढवत नाही.

वाळूबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण ती विंग संपवते. टेकऑफला विंगचे तोंड वाऱ्याकडे उघडे राहिले की मूठभर वाळू आत जाते आणि मागच्या कडेला, सेलच्या (विंगमधल्या कप्प्यांच्या) टोकाशी साचते. दोन-तीन किलो साचली तरी बाहेरून कळत नाही. कळते ते विंग वर उचलताना : ती अर्ध्यात रेंगाळते, मग एकदम पुढे झेपावते. उड्डाणात तेच वजन मागच्या कडेला ब्रेक (ती कड खाली खेचणारी दोरी) ओढल्यासारखे वागते. उपाय असा : दोघांनी मागची कड खांद्याच्या उंचीवर धरायची, पुढची तोंडे जमिनीकडे, आणि पन्हाळीतून पाणी काढावे तसे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे हलवत जायचे. झटकायचे नाही, झटकल्याने वाळूचे कण शिवणीत घुसतात. खाऱ्या हवेने कॅराबिनरची (विंग आणि हार्नेस जोडणाऱ्या कडीची) स्प्रिंग आणि दोऱ्यांच्या स्टीलच्या कड्या गंज धरतात. आठवड्यातून एकदा ते ओल्या फडक्याने पुसून सुकवावेत.

आता पेरू. कुस्कोजवळच्या पवित्र खोऱ्यात चिंचेरोच्या पठाराच्या कडेवरून, म्हणजे ३,७०० ते ३,८०० मीटरवरून उरुबाम्बाकडे उडतात. उरुबाम्बा गाव २,८७० मीटरवर. नऊशे मीटरचा उतार, समोर हिमशिखरे, याद्यांमध्ये पहिला नंबर याच जागेचा असतो. पायलटच्या दृष्टीने मात्र इथे प्रश्न हवेचा आहे. ३,८०० मीटरवर हवेची घनता प्रमाण वातावरणात (हिशेबासाठी ठरवलेल्या सरासरी हवेत) समुद्रसपाटीच्या सुमारे ६८ टक्के धरतात. पण प्रमाण वातावरणात तिथले तापमान शून्याखाली दहा अंश गृहीत असते. कोरड्या हंगामात दुपारी ऊन २० अंशांवर गेले की घनता ६१ टक्क्यांवर येते. विंगला तेवढाच भार पेलायचा तर वेग वाढवावा लागतो, आणि तो घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. हिशेब केला तर २८ टक्के. समुद्रसपाटीला ताशी ३८ किलोमीटरने जाणारी विंग इथे ४८ ते ४९ ने जाते.

याचा परिणाम तीन ठिकाणी जाणवतो. पहिला धावण्यात : कामशेतला ताशी २५ किलोमीटरवर उचलणारी विंग इथे ३२ मागते, आणि ती धाव पातळ हवेत, धापा टाकत घ्यायची असते. त्यामुळे समोरून ताशी दहा-बारा किलोमीटरचा वारा असल्याशिवाय इथे विंग पसरूच नये. दुसरा वळण्यात : तेवढ्याच कलात वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे साठ टक्क्यांहून जास्त. इकडे थर्मल अरुंद आणि धारदार कडांचे, तिकडे वर्तुळ मोठे. घरी जमणारे कोअरिंग (थर्मलच्या गाभ्यात फिरत राहणे) इथे जमत नाही आणि पायलट थर्मलच्या कडेवर आदळत राहतो. तिसरा, आणि आमच्या मते सर्वांत घातक, उतरण्यात. ब्रेक हाताला नेहमीसारखेच लागतात, विंग नेहमीसारखीच बोलते, पण जमीन वेगाने अंगावर येते. डोळे घाबरून हातांना ब्रेक ओढायला लावतात, आणि विंग तीन-चार मीटरवरच स्टॉल होते, म्हणजे उचल सोडून कोसळते. पातळ हवेत ब्रेक लवकर ओढायचा नसतो. उंची पाहून नेहमीच्याच क्षणी ओढायचा आणि चार पावले जास्त धावायची तयारी ठेवायची.

टेकऑफवर 'इचू' नावाचे ताठ गवत असते, झाडूच्या काड्यांसारखे झुबके. दोरी झुबक्याच्या बुडाला अडकते आणि विंग उचलेपर्यंत ते कळत नाही. म्हणून इथे विंगकडे तोंड करूनच उचलावी, म्हणजे एकेक दोरी सुटताना दिसते आणि अडकली तर लगेच खाली घेता येते. सकाळी नऊ ते अकरा ही वेळ. बाराच्या पुढे उरुबाम्बाच्या खोऱ्यातून वर वाहणारा वारा चढत जातो आणि खाली मक्याची शेते, निलगिरीच्या रांगा, तारा यांच्यामध्ये उतरणे अवघड होते. हंगाम मे ते सप्टेंबर, त्यातला ऑगस्ट सर्वांत वाऱ्याचा. त्या महिन्यात तिथली पोरे पतंग उडवतात, पायलटनेही पतंगच पाहावेत. आणखी एक : हा दक्षिण गोलार्ध आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड असलेले उतार आधी तापतात. सवयीने दक्षिणेचा उतार निवडणारा पायलट सावलीत उभा राहून थर्मलची वाट पाहतो. आणि माचू पिक्चूवरून उडण्याचा विचार मनातही आणू नये, तिथे उड्डाणाला बंदी आहे.

उंचीच्या आजाराबद्दल गिर्यारोहकांना सांगायला नको, पण पायलट विसरतात, कारण ते चढत नाहीत, बसून पोहोचतात. कुस्को ३,४०० मीटरवर आहे. विमानतळावरून शहरात मुक्काम न करता थेट उरुबाम्बाला खाली उतरावे, पहिल्या तीन रात्री तिथे काढाव्यात आणि तेवढे दिवस विंग बांधूनच ठेवावी. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. अमेरिकी हवाई नियमांत १२,५०० फुटांच्या, म्हणजे ३,८१० मीटरच्या वर अर्ध्या तासाहून जास्त राहायचे तर वैमानिकाला प्राणवायू सक्तीचा आहे. इथे टेकऑफच जवळपास त्या उंचीवर आहे आणि ढगांचा तळ पाच हजारांच्या पुढे जातो. ५,५०० मीटरवर हवेचा दाब निम्मा उरतो. प्राणवायू कमी पडलेल्या माणसाला आपण ठीक आहोत असेच वाटते, तेव्हा रेडिओवर दर दहा मिनिटांनी सोबत्याला व्हॅरिओवरची (उंची दाखवणाऱ्या यंत्रावरची) उंची वाचून दाखवायचा नियम ठेवावा. आकडा अडखळला की खाली. ॲसिटाझोलामाइड हे उंचीच्या आजारावरचे औषध घ्यायचे तर डॉक्टरांना विचारून, आणि पहिला डोस जमिनीवर असताना. ते घेतल्यावर बोटांना मुंग्या येतात, त्या थंडीने आल्या की औषधाने हे हवेत कळत नाही. लघवीलाही वारंवार होते, याचा विचार हार्नेस बांधण्यापूर्वी केलेला बरा.

अर्जेंटिनात मेंदोसा शहराजवळचा सेर्रो आर्को हा चालत चढून उडण्याचा डोंगर आहे, माथ्यावर अँटेनांचे मनोरे. तिथली धास्ती 'सोंदा' वाऱ्याची. प्रशांत महासागराकडची हवा अँडीज ओलांडताना आपले बाष्प पलीकडे टाकते आणि पूर्वेला उतरताना दाबाने तापते. कोरडा, गरम, झोडपणारा वारा, मुख्यतः मे ते नोव्हेंबर. माथ्यावर मसुरीच्या डाळीच्या आकाराचे स्थिर ढग, मुख्य रांगेवर ढगांची भिंत आणि हवेतली आर्द्रता एकाएकी खाली, ही तीन लक्षणे एकत्र दिसली की त्या दिवशी विंग उघडायची नाही, खाली कितीही शांत वाटले तरी. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, गारपिटीची वादळे होतात. म्हणूनच तिथल्या कितीतरी द्राक्षबागांवर जाळ्या घातलेल्या असतात. वरून ती काळी-करडी जाळी मऊ शेतासारखी दिसते. खाली खांब आणि ताणलेल्या तारा असतात. नाशिककडच्या द्राक्षमांडवाखाली जे उभे राहिले आहेत त्यांना जास्त सांगायची गरज नाही.

स्पॅनिश फार लागत नाही, पण हवामानाचा तक्ता वाचताना एक घोटाळा होतो. पश्चिमेला स्पॅनिशमध्ये 'ओएस्ते' म्हणतात, त्यामुळे तक्त्यावर पश्चिमेसाठी 'डब्ल्यू' नसून 'ओ' असतो. 'एस-ओ' म्हणजे नैर्ऋत्य, आणि 'एन-ओ' म्हणजे वायव्य. 'एन-ओ' हे उडायला दिलेले 'नो' नव्हे. टेकऑफला 'देस्पेगे', उतरायच्या जागेला 'आतेरिसाहे', तारांना 'काब्लेस'. शेतकरी हात वर करून 'काब्लेस' ओरडत असेल तर तो अभिवादन करत नाही.

सामानाबाबत सर्वांत मोठी चूक वजनाची. नेहमीची विंग, हार्नेस, रिझर्व्ह (संकटासाठीचे राखीव पॅराशूट), हेल्मेट मिळून १५ ते २० किलो होतात. ते घेऊन बसने हिंडता येते, डोंगर चढता येत नाही. हलक्या बांधणीचा संच ८ ते १० किलोंत बसतो : विंग साडेतीन, सॅक होणारे हार्नेस अडीच-तीन, रिझर्व्ह सव्वा, उरलेले हेल्मेट, व्हॅरिओ, रेडिओ. पण विंगवर छापलेली वजनमर्यादा एकूण उडत्या वजनाची असते. सत्तर किलोंचा माणूस, दहा किलोंचा संच, चार किलोंचे कपडे-बूट, तीन लिटर पाणी, हे झाले ८७. त्यात तंबू, स्लीपिंग बॅग आणि शेगडीचे आठ किलो घातले की ९५. विंगची मर्यादा ७५ ते ९५ असेल तर काटा टोकाला टेकला, आणि वेग आणखी वाढला. तेव्हा मुक्कामाचे सामान गावात ठेवावे. न्यायचेच तर जड वस्तू पाठीच्या खालच्या भागात, बसण्याच्या पाटाजवळ. वर ठेवल्या तर हार्नेस मागे कलंडते. दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. हलके कापड टेकऑफवर उन्हात पसरून गप्पा मारत बसू नये. दुरुस्तीसाठी कापडी टेप, वाकडी सुई, दोन सुटे जोड आणि पाच मीटर ब्रेकची दोरी एवढे पुरते.

रिझर्व्ह मात्र हलके घेण्याच्या नादात छोटे घेऊ नये. युरोपीय मानकानुसार पूर्ण भाराला ते सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा वेगाने उतरता कामा नये. हा वेग म्हणजे दीड मीटरवरून मारलेली उडी. चिंचेरोच्या दुपारच्या हवेत तेच रिझर्व्ह सेकंदाला सात मीटरने उतरते, म्हणजे अडीच मीटरवरून उडी, आणि खाली दगड. वजनापेक्षा एक माप मोठे रिझर्व्ह घेतल्याने दोन-तीनशे ग्रॅम वाढतात. तेवढे वाढू द्यावेत.

कॉन्डॉर या अँडीजमधल्या प्रचंड गिधाडाबद्दल एक वाक्य प्रत्येक लेखात असते : 'कॉन्डॉरच्या मागे जा, तो लिफ्ट दाखवतो.' कॉन्डॉरचे पंख तीन मीटरहून रुंद, वजन पंधरा किलोंपर्यंत. अंगावर यंत्रे बसवून केलेल्या अभ्यासात, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एक पक्षी एकदाही पंख न मारता पाच तासांत १७२ किलोमीटर गेलेला आढळला. त्याच्याशी बरोबरी कशाला? तो कड्यापासून दोन-चार मीटरवरून छोट्या बुडबुड्यात वळतो. तुमच्या वर्तुळाला पन्नास मीटर लागतात. कड्यापासून दूर, मोकळ्यावर तो वर चढत असेल तरच त्याच्याकडे वळावे.

पायलट नसलेल्या, टॅन्डमने, म्हणजे पायलटसोबत जोडीने, उडू पाहणाऱ्या वाचकांसाठी एवढेच : पायलटचे टॅन्डमचे कार्ड पाहायला मागा, रिझर्व्ह कुठे आहे ते विचारा, आणि पायांचे पट्टे लावलेले आपल्या हातांनी ओढून पाहा. पट्टा विसरणे ही या खेळातली सर्वांत साधी आणि सर्वांत जीवघेणी चूक आहे. वारा वाढलाय म्हणून 'आज नाही' म्हणणाऱ्या पायलटशी पैशांवरून वाद घालू नका.

कागदपत्रांकडे वळतो. आयपीपीआय किंवा एपीपीआय या आंतरराष्ट्रीय पद्धतींचे पायलट कार्ड सोबत हवे. नेहमीच्या प्रवास विम्यात पॅराग्लायडिंग बहुधा वगळलेले असते. पॉलिसीत ते नावानिशी, एकट्याने उडण्यासह आणि सुटकेच्या खर्चासह लिहिलेले आहे का ते पाहावे. रुग्णवाहिकेसाठी कोलंबियात १२३, पेरूत १०६, चिलीत १३१, अर्जेंटिनात १०७. जिथे मोबाइल लागत नाही तिथे उपग्रहावर चालणारे संदेशयंत्र जीव वाचवते, पण ते इथून नेऊ नये आणि इकडे आणूही नये. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणे बेकायदा आहे आणि विमानतळावरच कारवाई होते. तिथे भाड्याने घ्यावे, तिथेच परत द्यावे. चिलीत शिरताना शेतीमाल तपासणारे खाते फार कडक आहे. फळे, बिया, शेंगदाणे, मध, मसाले सगळे अर्जावर लिहावे लागते. लाडू-चिवड्याचा डबाही लिहावा; लिहिल्यावर फार तर तो जप्त होईल, लपवल्यास दंड. बुटांना आणि हार्नेसला चिकटलेले गवत-माती आधी धुऊन काढावी. पेरूत कोकाच्या पानांचा चहा हॉटेलात सहज मिळतो, पण त्याची पुडी आठवण म्हणून आणू नये. आपल्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकाचे पान आहे.

आणि परतीचे. कोलंबिया, पेरू, अर्जेंटिना या देशांतून भारतात येणाऱ्याकडे पीतज्वराच्या लसीचा दाखला लागतो. लस ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, तिथे तारखेसाठी थांबावे लागते, आणि दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. तेव्हा ती निघण्याच्या आदल्या आठवड्याचे काम नाही. दाखला नसेल तर विमानतळावरून घरी जाता येत नाही, सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

आपले,
पुणे आणि मावळ परिसरातील काही पॅराग्लायडिंग पायलट